सीमाची फुंकणी

मी फुंकणी बोलतेय. चुलीपाशी राखेत पडलेली असते, ती लोखंडाची नव्हे. ती जाळ फुलवते, मी श्वास मोजते. दवाखान्यात मला पीक फ्लो मीटर म्हणतात. पण डोंगरकडा गावाच्या शिवारात हे नाव कुणाच्या तोंडी बसलंच नाही. ज्या घरात माझं आयुष्य गेलं तिथं मी पहिल्या दिवसापासून फुंकणी झाले, आणि खरं सांगू, मला तेच नाव आवडतं.

दिसायला मी साधीच. वीतभर लांबीची पांढरी प्लास्टिकची नळी. अंगावर आकड्यांची पट्टी, तिच्यावर हिरवा, पिवळा, लाल असे रंग, आणि फटीतून सरकणारा एक इवलासा काटा. छाती भरून श्वास घ्यायचा, माझ्या तोंडावर ओठ घट्ट मिटायचे आणि एका झटक्यात तो सोडून द्यायचा. माझ्या आतली स्प्रिंग ताणते, काटा पळत वर जातो आणि जोर संपला तिथं थांबतो. हिरव्यात थांबला तर छाती मोकळी आहे. पिवळ्यात आला तर जपायचं. लालच्या वर सरकलाच नाही, तर हातातलं काम टाकून दवाखाना गाठायचा.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते मला ठाऊक नाही. खोक्यातल्या अंधारानंतर पहिला उजेड पाहिला तो आखाडा बाळापूरला, डॉक्टर साधना यांच्या टेबलावर. लहानसा दवाखाना होता. दारासमोरून ट्रक, जीपा, ऊसगाड्या सारख्या जात. बाजाराच्या दिवशी तर रस्त्यावरची धूळ थेट औषधाच्या बाटल्यांवर येऊन बसायची.

तिथं मी माणसांचे फुंकण्याचे प्रकार पाहिले. कुणी चहा निववल्यासारखं हळूच फुंकायचं. कुणी नुसतेच गाल फुगवायचे. पुंजाजी नावाचे एक म्हातारे आधी टोपी काढून मांडीवर ठेवायचे, मग डोळे गच्च मिटून फुंकायचे आणि डोळे न उघडताच विचारायचे, “पास का नापास, बाई?” डॉक्टर हसून म्हणायच्या, “मागच्या खेपेपेक्षा बरे मार्क आहेत, आजोबा.” पुंजाजी टोपी घालून ताठ मानेनं बाहेर पडायचे.

याच टेबलापाशी एके दिवशी सीमा आली.

दहा-अकरा वर्षांचं पोरगं. खांदे कानाला लागलेले, गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. सोबत वडील मसाजी आणि आई सिंधूबाई. मसाजींच्या खांद्यावर घोंगडी होती आणि त्यांच्याबरोबर मेंढरांचा वासही आत आला. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर ते. थोडी शेती होती, पण मन सगळं मेंढरांत.

“पंधरा दिस झाले, अशीच करून राहिली,” सिंधूबाई म्हणाल्या. “रातच्याला बसून ऱ्हाती. झोप म्हून न्हाई.”

डॉक्टरांनी आधी तिला वाफेच्या मशीनवर बसवलं. श्वास जरा सैल झाला तेव्हा मला तिच्या हातात दिलं. तिनं मला उलटंसुलटं करून पाहिलं, मग फुंकलं. काटा लालच्या जरा वर चढून थांबला. तिनं काट्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि कुणी न सांगता पुन्हा फुंकलं. हार न मानणारी पोर होती. मला ती तेव्हाच आवडली.

डॉक्टरांनी ओढायचा पंप दिला, तो कसा ओढायचा ते दाखवलं. “पंपाची सवय लागती म्हणत्यात लोक,” मसाजी चाचरत म्हणाले. डॉक्टर म्हणाल्या, “मसाजीभाऊ, सवय श्वासाची असते. पंप त्याला वाट करून देतो.” मग मला पुसून त्यांनी सीमाच्या हातात ठेवलं. “ही घरी घेऊन जा. सकाळी उठल्यावर आणि सांजच्याला फुंकायचं. काटा कुठं, कधी, कशानं खाली येतो ते बघत राहा. दमा कशावर उठतो, ते हीच सांगेल आपल्याला. तोवर धूळ, धूर आणि लोकर, यांच्यापासून पोरीला लांब ठेवा.”

लोकर हा शब्द ऐकला आणि मसाजींनी खांद्यावरची घोंगडी काढून दाराबाहेर नेऊन ठेवली.

घरी माझी जागा कोनाड्यात, आरशाशेजारी. सिंधूबाई मला तिथं ठेवतानाच म्हणाल्या, “ही तर फुंकणीच की गं!” आणि माझं बारसं झालं. सकाळ-संध्याकाळ सीमा मला काढायची आणि अंगणात उभी राहून फुंकायची. शेजारपाजारची लेकरं भोवती गोळा व्हायची. “मला दे, मला दे” चालायचं. सिंधूबाई कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. काटा कुठं थांबला ते त्यांना आकड्यावरून कळत नव्हतं, रंगावरून बराबर कळायचं. पिवळा दिसला की त्यांच्या कपाळावर आठी पडायची.

त्या दिवसांत ती आठी कायमच असायची.

सीमाला मेंढरांकडे जायची बंदी झाली. मेंढरं कोंडायचं वाडगं घराच्या एका अंगाला होतं. तिथं ‘बोडी’ नावाची एक बिनशिंगाची मेंढी होती. जन्मली तेव्हा आई दूध पाजेना म्हणून सीमानं तिला बाटलीवर वाढवलेलं. सीमा अंगणात दिसली की बोडी जाळीला तोंड लावून ओरडायची. सीमा पाठ फिरवून बसायची. इतकं करूनही माझा काटा काही हिरव्यात जाईना.

लोक बोलायचेच. “मसाजी, लेकरापरीस मेंढरं जास्त झाली का तुला?” पारावर कुणीतरी म्हणालं. मसाजी पारावरून उठले. घरी आले, वाडग्यात गेले आणि बराच वेळ मेंढरांच्या मधे उभे राहिले. मग येऊन सिंधूबाईंना म्हणाले, “इकून टाकतो.”

“समदी?”

“समदी. अर्धी ठिवून काय करू? लोकर ती लोकरच.”

व्यापारी ठरला, नरसिंग नावाचा. बाजाराच्या दिवशी बाळापूरला मेंढरं आणायची असं बोलणं झालं. पण त्याआधी शिरड शहापूरकडच्या एका शेतकऱ्याला मसाजींनी शब्द दिला होता, त्याच्या रानात मेंढरं बसवायचा. लेंडीखतासाठी शेतकरी मेंढरं बोलावतात, रानातच जाळी मारून मुक्काम करायचा. शेवटचाच मुक्काम होता हा. सीमानं हट्ट धरला, “आबा, मला येऊ द्या. पुन्हा कवा मेंढरं दिसनार मला?”

“जीव जायचा गं तुझा!” सिंधूबाई ओरडल्या.

“फुंकणी घेते, पंप बी घेते. लांब बसते. न्हाई शिवत बोडीला.”

मसाजी लेकीच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग सिंधूबाईंनीच भांडीकुंडी बांधायला घेतली. “मी बी येते. एकटं न्हाई सोडत,” म्हणाल्या.

त्या मुक्कामाचे दिवस आठवले की आजही माझ्या अंगातली ढिली स्प्रिंग थरथरते.

उघडं माळरान, कापणी झालेलं रान, राहायला कापडाचं एक पाल. सकाळी दव पडलेलं असायचं आणि मेंढरांच्या पाठीवरून वाफ निघायची. सीमा पालाबाहेर येऊन फुंकायची. पहिल्या दोन दिवसांत काटा पिवळ्याच्या वरच्या टोकाला गेला. मग एका सकाळी तो हिरव्यात शिरला. सीमाला खरं वाटेना. तिनं पुन्हा फुंकलं. पुन्हा हिरवा.

मसाजींनी मला हातात घेतलं, कानाशी धरून हलवलं. “बिघडली वाटतं ही.” मग स्वतः फुंकून पाहिलं, सिंधूबाईंना फुंकायला लावलं. त्या लाजल्या, पदर तोंडाला लावून हसल्या आणि शेवटी अशा फुंकल्या की जवळचं एक कोकरू दचकून पळालं. मी काही बिघडले नव्हते.

लांब बसायचं वचन तर केव्हाच मोडलं होतं. बोडी जाळीतून निसटून यायची आणि सीमाच्या मांडीवर मान टाकायची. एका दुपारी बाभळीच्या सावलीत सीमा बोडीच्या पोटावर डोकं ठेवून झोपलेली सिंधूबाईंनी पाहिली. धावत गेल्या, वाकून तिच्या तोंडाशी कान नेला. श्वास संथ होता, घरघर नाही, शिट्टी नाही. त्यांनी नवऱ्याला हात करून बोलावलं.

“अवो, मेंढरात झोपून राहिली पोरगी. मंग तकलीफ काहून न्हाई?”

मसाजी उकिडवे बसले. “हवापालट म्हणत्यात, तसं आसंल,” म्हणाले. पण त्यांच्या आवाजात खात्री नव्हती. तेवढ्यात शब्द दिलेला बाजाराचा दिवस जवळ आला. दिलेला शब्द फिरवणं त्यांना माहीत नव्हतं. बिऱ्हाड परत फिरलं.

आमच्या घराच्या मागंच एक शेड होती. तिथं मसाजींचा धाकटा भाऊ प्रभू याचा हळदीचा ड्रम होता. शिजवून वाळवलेली हळकुंडं त्यात घालायची, मोटारीवर ड्रम फिरवायचा, की घासून घासून वरची साल निघते आणि हळकुंड सोन्यासारखं पिवळंधमक होतं. आमच्याकडे हळद घरोघरची, त्यामुळं उन्हाळा लागला की साऱ्या शिवाराची हळद प्रभूकडे यायची. ड्रम नवाच घेतलेला, त्याच हंगामात. प्रभूचं लग्न झालेलं नव्हतं. सीमा म्हणजे त्याचा जीव. तिला खांद्यावर बसवून त्यानंच वाढवलेलं.

बाजाराच्या दिवशी सकाळीच मसाजी कळप घेऊन बाळापूरच्या वाटेला लागले. सीमा दारात उभी राहून बघत होती. मागं ड्रम सुरू होता. उन्हं वर आली, वारा फिरला आणि शेडमधली पिवळी धूळ सरळ अंगणात उतरली. सीमा खोकू लागली. आधी वाटलं रडतेय. मग खांदे कानाला लागले. पंप ओढला, पुन्हा ओढला. मला तोंडाला लावलं, तर काटा जागचा हललाच नाही. फुंकायला श्वासच नव्हता.

“भाऊजी!” सिंधूबाईंनी हाक मारली ती ड्रमच्या आवाजावरून ऐकू गेली.

प्रभू मोटार बंद करून धावला. शेजारचा शिवहार मोटारसायकल घेऊन आला. प्रभूनं पुतणीला उचलून छातीशी धरलं, मला शर्टाच्या खिशात कोंबलं आणि मागं बसला. “चल, थांबू नको कुठंच!” सिंधूबाई मागून दुसऱ्या गाडीवर आल्या.

मी त्या खिशात होते. वाटभर तो तिला घट्ट धरून बोलत होता, “सीमे, श्वास घे. काका हाय ना. घे, घे श्वास.” तिचं तोंड त्याच्या छातीत होतं आणि त्याची छाती, बाह्या, गळा, सगळं हळदीच्या धुळीनं माखलेलं होतं. प्रत्येक खड्ड्याला ती धूळ उडत होती. तो जितकं घट्ट धरत होता तितकी ती अधिक गुदमरत होती. मला कळत होतं. पण नळीला तोंड असलं तरी वाचा नसते.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोरीला काढून घेतलं, वाफ लावली, सुई दिली. मग त्यांचं लक्ष सीमाच्या केसांकडे गेलं, गालाकडे गेलं. सगळं पिवळं. त्यांनी प्रभूकडे पाहिलं.

“हे काय आहे अंगावर?”

“हळद हाय, बाई. ड्रमावर होतो.”

“आधी बाहेर व्हा. हिच्याजवळ येऊ नका.”

“माझी पुतणी हाय ती!”

“म्हणूनच सांगते. बाहेर व्हा.”

सिंधूबाई येऊन पोचल्या तेव्हा सीमाचा श्वास मोकळा होऊ लागला होता. डॉक्टरांनी त्यांना एकेक विचारलं. रानात काटा कुठं होता? हिरवा. मेंढरं जवळ होती? उशाशी होती. घरी कधी खाली येतो? उत्तर देता देता सिंधूबाई मधेच थांबल्या. त्यांनी हात तोंडावर नेला. “ड्रम चालू असला की,” त्या हळूच म्हणाल्या. “आन् ड्रम तर रोजच चालू असतो.”

प्रभूनं जाताना मला टेबलावर ठेवलं होतं; जरा वेळानं सीमानं मला पुसून फुंकलं. काटा पिवळ्यात आला. डॉक्टर मला घेऊन बाहेर गेल्या. प्रभू निंबाखाली बसला होता. त्यांनी त्याला सगळं समजावून सांगितलं.

“हळदीनं?” तो म्हणाला. “बाई, हळद तर आमी जखमेवर लावतो. देवाला वाहतो. हळदीनं कुठं कुनाला...” बोलता बोलता त्यानं आपल्या शर्टाकडे पाहिलं. “म्हंजे मी वाटभर...”

“तुम्ही वेळेवर आणलंत म्हणून ती वाचली,” डॉक्टर म्हणाल्या. “हे आधी लक्षात ठेवा. हळद वाईट नाही. तिची उडती धूळ या पोरीला सोसत नाही. मेंढरांचा यात काही दोष दिसत नाही.”

मेंढरं म्हणताच प्रभू ताडकन उठला. डॉक्टरांच्या हातातून मला घेतलं, हातपंपावर जाऊन शर्ट काढून फेकला, डोक्यावरून पाणी घेतलं आणि तसाच ओला, उघडा, मला मुठीत धरून बाजाराकडे पळत सुटला. लोक वाट सोडून बघत राहिले.

बाजारात मसाजी एका ट्रकजवळ उभे होते. नरसिंगची माणसं मेंढरांच्या पाठीवर रंगाचे पट्टे ओढत होती.

“दादा! इकू नको! मेंढरं इकू नको!”

“काय झालं? सीमा कुठंय?” मसाजींचा चेहरा उतरला.

“हाय, बरी हाय ती. दादा, मेंढरांनी काई केलं न्हाई. माझ्या ड्रमानं केलं. माझ्या हळदीनं.” आणि तो धाकटा भाऊ भर बाजारात थोरल्याच्या पायाशी बसला.

मसाजींनी त्याला दंडाला धरून उठवलं. खांद्यावरची घोंगडी काढली आणि त्याच्या ओल्या अंगावर टाकली. मग नरसिंगकडे वळले. नरसिंग भला माणूस निघाला. म्हणाला, “लेकराचा सवाल हाय, घिऊन जा तुमची. पन एक गाडी मघाशीच रवाना झाली, मसाजी. ती आता माझ्या हातात न्हाई.”

बोडी त्या गाडीत होती.

सीमाला हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पुढं कितीतरी दिवस ती मला फुंकायची आणि काटा न बघताच मला कोनाड्यात ठेवून द्यायची.

प्रभूनं ड्रम गावाबाहेर, माळावर नेला. काम संपलं की तिथंच अंघोळ करायचा, कपडे बदलायचा आणि मगच घराच्या दारात पाय टाकायचा. हा नेम त्यानं कधी मोडला नाही. माझा काटा हिरव्यात राहायला शिकला. उरलेल्या मेंढरांना नवी कोकरं झाली. सीमा त्यांच्यात वाढली.

ते दिवस कसे गेले कळलं नाही. सीमानं जनावरांच्या डॉक्टरकीचा डिप्लोमा केला. आता ती लांब परभणीकडच्या एका गावात गुरांच्या दवाखान्यात नोकरी करते. जाताना डॉक्टर साधनांनी तिला नवी नळी दिली. “जुनीची स्प्रिंग दमली असेल, हिच्यावर आता विसंबू नकोस,” असं त्यांनी सांगितलं होतं. सीमानं मला कोनाड्यातच ठेवलं. माझ्याकडे पाहून सिंधूबाईंना लेकीची आठवण यायची, म्हणून मी राहिले. सकाळी कुणी फुंकायचं नाही. आरशाशेजारी पडून मी जुने श्वास आठवत बसायचे.

आणि मग प्रभू मला फुंकू लागला. चोरून. घरात कुणी नसताना. त्याला खोकला लागला होता. इतकी वर्षं माळावर तोंडाला नुसता रुमाल बांधून त्यानं धूळ खाल्ली होती. तो फुंकायचा तेव्हा त्याचा श्वास मला पातळ लागायचा, तुटका लागायचा. पण माझी स्प्रिंग ढिली. काटा भुर्रकन हिरव्यात जायचा. “बराबर हाय,” असं म्हणून तो मला जागेवर ठेवायचा आणि कामाला जायचा.

यंदा सीमा सुट्टीवर आली. काका अंगणातून ओसरीवर चढला आणि खांबाला धरून थांबला, ते तिनं पाहिलं.

“काका, दम लागून राहिला तुमाला.”

“काई न्हाई गं, असंच. मी रोज फुंकून बघतो ना. हिरवं येतंय.”

“कशात फुंकता?”

त्यानं माझ्याकडे बोट केलं. सीमानं मला घेतलं, स्वतः हळूच, चहा निववल्यासारखं फुंकलं. काटा हिरव्यात. तिच्या चेहऱ्याचा रंग गेला. पिशवीतून आपली नवी नळी काढून तिनं काकाच्या हातात दिली. “आता यात फुंका. जोरानं.”

काटा लालच्या कडेला थांबला.

त्याच दिवशी ती त्याला बाळापूरला घेऊन गेली. यायला दुपार कलली. छाती बरीच बिघडलीय, पण औषध आहे, जपलं तर चांगले दिवस आहेत, असं डॉक्टर म्हणाल्या म्हणे. ड्रम आता बंद. प्रभू भावाबरोबर मेंढरांमागं हिंडतो, हळूहळू, बसत उठत.

जाण्याआधी सीमानं मला मांडीवर घेतलं. नखानं उचकून माझा काटा काढला. “माय, हिला टाकायची नसंल तर नको टाकू. पन कुनी फसाया नको.” सिंधूबाईंनी मला एका फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलं.

मला दुःख नाही. खोटं सांगण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. तुम्हाला मात्र एक सांगणं आहे. तुमच्या घरात कुणी बोलता बोलता थांबत असेल, चार पावलांवर टेकत असेल आणि विचारलं की “काही नाही, असंच” म्हणत असेल, तर त्या “काही नाही”वर विश्वास ठेवू नका. त्याच्या हातात एक नळी द्या, आणि ती नवी आहे ना, तेवढं बघा.

सकाळ झाली आहे. अंगणात प्रभू त्याच्यासाठी आणलेल्या नव्या नळीत फुंकतोय. अजून गालच फुगवतो, मसाजी त्याला ओरडताहेत, “पोटातून फुंक रे, पोटातून!” काटा कुठं थांबला ते मला फळीवरून दिसत नाही. पण सिंधूबाई हसल्या. म्हणजे बरं असावं.